शुक्रवारच्या प्रूफला उत्तर दे

"ताई, मी टाइप डिझायनर आहे. चार वर्षांपूर्वी स्टुडिओ सोडला, आता घरूनच काम करतो. एका देवनागरी फॉन्टचा बोल्ड वर्षभर अडकून पडलाय. दिवसच्या दिवस कामाबद्दल कुणाशी बोलणं होत नाही. बायकोला दोन वेट, म्हणजे एकाच फॉन्टच्या दोन जाड्या, शेजारी शेजारी दाखवले तर म्हणते सारखेच दिसतायत. वर्षातून एकदा कॉन्फरन्सला जातो, तिथे वाटतं ही आपली माणसं, घरी आलं की परत तेच. ऑनलाइन काही टाकलं की लोक हार्ट देतात आणि पुढे जातात. स्टुडिओत शेजारी बसायची ती ज्युनियर अजून दर शुक्रवारी प्रूफ, म्हणजे तिच्या चालू फॉन्टचं तपासायचं पान, पाठवते, बघतो कधीतरी. पण रोजचं, आपल्यातलं असं कुणीच उरलेलं नाही. मी कुठला ग्रुप जॉइन करू?
– एकटा अक्षरकार"

अरे, तुझ्या अख्ख्या पत्रातली मला एकच ओळ दिसतेय. दर शुक्रवारी प्रूफ पाठवते, बघतो कधीतरी. आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात तू लिहितोस की आपल्यातलं कुणीच उरलेलं नाही. मला राग आला हे वाचून, स्पष्टच सांगते.

तुला स्टुडिओ सोडून चार वर्षं झाली. तू आता तिचा सीनियर नाहीस, तिचं प्रमोशन तुझ्या हातात नाही, तुझ्याकडून तिला मिळण्यासारखं एकच आहे, तुझी नजर. त्यासाठी ती मुलगी दर आठवड्याला आपलं अर्धंकच्चं काम, न जमलेल्या जोडाक्षरांसकट, तुझ्यासमोर ठेवते, आणि तू कधीतरी बघतोस. बघून तिला काय कळवतोस हे तू लिहिलेलंच नाहीस, त्यावरून मी समजायचं ते समजले.

तुझ्या कामात शेजारच्या टेबलाला किती किंमत असते हे मी तुला काय सांगणार. तासभर एकाच 'द्ध'कडे बघत बसलं की डोळा त्या अक्षराला सरावतो, मग त्यातलं काळं झालेलं पोट दिसेनासं होतं. प्रूफ उलटं धरून बघता, लांब भिंतीवर लावून बघता, तरी एका टप्प्यानंतर आपलं आपल्याला दिसत नाही ते नाहीच. शेजारचा माणूस चहा घेऊन जाता जाता म्हणतो, ही वेलांटी अंगावर येतेय रे, आणि आठवड्याचं काम सुटतं. त्यात बोल्ड म्हणजे देवनागरीची परीक्षाच, शिरोरेषा जाड झाली की खालच्या पोकळ्या बुजायला लागतात, दंड किती वाढवायचा आणि गाठ कुठे बारीक करायची हे अक्षरागणिक वेगळं ठरवावं लागतं, आणि तू ते वर्षभर एकट्याच्या डोळ्यांनी ठरवतोयस. अडकणारच ना!

आणि ही काही आजची गोष्ट नाही. टाइम्स न्यू रोमन हा फॉन्ट १९३२ साली लंडनच्या 'द टाइम्स' पेपरात आला तेव्हापासून नाव स्टॅन्ली मॉरिसनचं होतं, पण इंग्लंडमधल्या मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात दहा-दहा इंची अक्षरं रेखाटणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, आणि एकेका फॉन्टवर त्यातल्या कितीतरी जणींचे हात फिरायचे. जर्मन टाइप डिझायनर हरमान झाप्फने पॅलाटिनो हा फॉन्ट काढला, त्याचे पंच, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, ऑगस्ट रोझेनबर्गरने कापले, म्हणजे कागदावरचं वळण धातूत टिकतंय की नाही हे बघणारा दुसरा डोळा होताच. आता पंच गेले, ड्रॉइंग ऑफिसं गेली, सगळं एका लॅपटॉपवर आलं, त्यामुळे एकट्याने करता येतं असं वाटायला लागलंय. झाप्फची बायको गुड्रुन स्वतः टाइप डिझायनर होती, डियोटिमा हा फॉन्ट तिचाच, पण तसं घर क्वचित कुणाला लाभतं, तेव्हा तुझ्या बायकोला दोन वेटमधला फरक दिसत नाही यावरून तिच्यावर रुसायचं बंद कर. तो तिचा धंदा नाही.

कॉन्फरन्सला जरूर जा. एटाइपआय ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५७ पासून टाइपवाल्यांना एकत्र आणतेय, चांगलंच आहे ते, पण तिथे सगळे पूर्ण झालेलं काम घेऊन येतात, स्लाइड लावतात, टाळ्या होतात. ऑनलाइनही तू तेच टाकत असणार, पॉलिश करून. म्हणून हार्ट मिळतात. न जमलेलं काही कुणाला दाखवलंस असं तुझ्या पत्रात कुठेही नाही, मग त्यावर बोलणार कोण आणि काय? ती पोरगी नेमकं ते करतेय, दर शुक्रवारी, समोरून उत्तर येत नसताना. मला तिचं फार कौतुक वाटतं, आणि काळजीही वाटते, कारण असं कुणी किती दिवस पाठवत राहील.

त्यामुळे ग्रुप वगैरे काही जॉइन करू नकोस. आज तिचं शेवटचं प्रूफ प्रिंट काढ, स्क्रीनवर बघून भागवू नकोस, कागदावर काढ. लाल पेन घे. स्पेसिंग कुठे सैल आहे, कुठला काना आखूड पडलाय, कुठलं जोडाक्षर मस्त जमलंय, सगळं लिही, जमलेलंही लिही, ते आपल्याकडे कुणी लिहीत नाही. फोटो काढून पाठव आणि लगेच फोन कर. आधी सॉरी म्हण, बिझी होतो वगैरे सांगत बसू नकोस.

आणि फोन ठेवायच्या आधी तिला सांग की येत्या शुक्रवारी माझा बोल्ड तुझ्याकडे येतोय, अडकलाय तसाच, तूही लाल पेन घेऊन बस. ती तुझ्यापेक्षा ज्युनियर आहे म्हणून हे टाळशील असं मला वाटतंय. टाळू नकोस. शुक्रवार चुकवू नकोस.

– ताई