फेरिटिन बघितल्याशिवाय ‘नॉर्मल’ म्हणू नकोस

प्रिय मुली,

वसतिगृहाच्या फ्रीजमधला बर्फाचा ट्रे रोज एकटी संपवतेस, दप्तरात खायला पाटीवरच्या पेन्सिली दडवतेस आणि ओल्या मातीच्या वासाने तोंडाला पाणी सुटतं. हे सांगताना तू तीनदा माफी मागितलीस. कशाबद्दल? हिमोग्लोबिन १२.१ आलं म्हणून ‘सगळं नॉर्मल, मनाचे खेळ आहेत’ असं सांगून ज्यांनी तुला घरी पाठवलं, माफी त्यांनी मागायला हवी.

शरीरात लोहाचा साठा किती ते सांगणारी रक्ततपासणी, फेरिटिन, बघितलं का कुणी? नाही. मग नॉर्मल कशावरून?

खडू, राख, चुलीची भाजलेली माती, कच्चे तांदूळ, बर्फ. अशी विचित्र ओढ लागली की आधी लोहाची कमतरता शोधायची. बर्फ असेल तर नक्कीच. रक्तक्षय कागदावर उतरण्याआधीही ही ओढ लागू शकते. शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं, हिमोग्लोबिन घसरतं ते सगळ्यात शेवटी. कणगी रिकामी झाली तरी डब्यातल्या पिठावर चार दिवस भाकरी होतेच. गरोदर नसलेल्या बाईसाठी १२, गरोदरपणी साधारण ११, पुरुषांसाठी १३ या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा रक्तक्षयाच्या आहेत. साठा किती उरलाय ते त्या सांगत नाहीत, फेरिटिन सांगतं. ते १५ च्या खाली असेल तर साठा संपला. ३० च्या खाली असेल तरी लक्षणं असताना बरेच डॉक्टर उपचार सुरू करतात. काही लॅब खालची मर्यादा १० च्या आसपास छापतात, म्हणून १३ आलं तरी शेजारी ठळक खूण नसते. खुणा शोधू नकोस, आकडा वाच. अंगात ताप किंवा संसर्ग असताना मात्र ही तपासणी करू नकोस. तेव्हा फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं.

सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणीही कर. एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली आणि आरडीडब्ल्यू (त्या आकारांतला फरक) वाढलेला असेल, तर लोहाकडे बोट. पण एमसीव्ही कमी, तांबड्या पेशींची संख्या मात्र ५० लाखांच्या वर आणि फेरिटिन चांगलं, असं दिसलं तर तो थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष असू शकतो. तिथे लोहाच्या गोळ्या वर्षभर गिळून काही होत नाही. एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार तपासायला लागतो. पुन्हा तेच: फेरिटिनशिवाय हा फरक कळत नाही.

मला फेरिटिनचं वेड आहे आणि मी तपासण्यांचा खर्च वाढवते, असं लोक म्हणतात. म्हणू देत. वर्षानुवर्षं केसगळतीची तेलं, टॉनिकं आणि ‘आळशी आहेस’ हे टोमणे यांचा खर्च कुणी मोजत नाही.

आरशासमोर उभी राहा. खालची पापणी ओढून आतला रंग फिका पडलाय का बघ, ओठांचे कोपरे चिरलेत का, जीभ गुळगुळीत झालीय का ते बघ. नखं मधून खोलगट होऊन पाण्याचा थेंब धरून ठेवतात का? जिना चढताना धडधड, रात्री पाय सतत हलवावेसे वाटणं, हेही लिहून ठेव. आणि पाळी. सात दिवसांहून जास्त, दर तासा-दोन तासाला पॅड बदलायला लागणं, मोठ्या गाठी यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. गळती तशीच ठेवून गोळ्या घेणं वाया. मूळव्याध, पोटातले जंत, वरचेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हीही कारणं असतात.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवत नाही. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमही लोह नसतं. गुळाचा चहा तर विनोदच: गुळात जे काही थोडं लोह असेल ते चहा अडवतो. हळीव चांगले, पण दुधातल्या खिरीपेक्षा लिंबाच्या सरबतात भिजवून घे. खात असशील तर कलेजी, मटण. तरीही रिकामा साठा नुसत्या जेवणाने भरत नाही.

गोळी डॉक्टर ठरवतील. तू पाकिटावर प्रत्यक्ष लोह किती ते बघ. २०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत ते साधारण ६५ असतं. शाळेत मिळणारी आठवड्याची निळी गोळी प्रतिबंधासाठी असते, उपचाराला ती पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घे. चहा, दूध, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीची गोळी यांच्यात दोन तास अंतर ठेव. मळमळलं तर बंद करू नकोस, दिवसाआड घ्यायचं विचार. एका डोसनंतर शरीर दिवसभर लोहाचं शोषण कमी करतं, त्यामुळे दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. शौच काळी होईल, घाबरू नकोस.

बर्फाची ओढ बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते आणि नेमक्या तिथेच सगळे गोळ्या सोडतात. हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायच्या, आणि मग? मग पुन्हा फेरिटिन.

धाप बसल्या जागी लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलीस, तर रिपोर्टची वाट न बघता सरळ दवाखाना गाठ.

फेरिटिनसाठी रक्त गोळ्या सुरू करण्याआधी दे. रिपोर्ट आला की पूर्ण पान पाठव, नुसती हिमोग्लोबिनची ओळ नको.