फेरो बेटांवरचं मोठं जेवण: वहिनी शाकाहारी असतील तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सप्टेंबरात चार दिवस उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर, त्यातली एक संध्याकाळ सोळा-अठरा कोर्सच्या टेस्टिंग मेन्यूला (शेफ ठरवतील ते छोटे छोटे पदार्थ, एकामागून एक) द्यायची, वहिनी शाकाहारी, आणि पैसे वसूल होतील का. वसूल होणं तुमच्या नाकावर अवलंबून आहे. चेष्टा नाही करत.

तिथल्या स्वयंपाकाचा सगळा जीव एका शब्दात आहे, 'रॅस्ट'. अर्धवट वाळलेलं, आंबलेलं मांस किंवा मासा. बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत, त्यामुळे समुद्राचं पाणी आटवून मीठ करायला सरपण नव्हतं आणि विकतचं मीठ महाग. मग ऑक्टोबरच्या सुमारास मेंढ्या कापायच्या आणि मांस फटी ठेवलेल्या लाकडी खोपटात टांगायचं. त्या खोपटाला 'यात्लुर' म्हणतात. आत खारा वारा खेळतो, हवा बाराही महिने थंड असल्याने मांस सडत नाही, पण पूर्ण वाळतही नाही. वर बुरशी धरते. काही महिन्यांनी रॅस्ट होतं आणि सहा-नऊ महिने ठेवलं तर 'स्केर्पीच्योट', ते न शिजवताच पातळ कापून खातात.

वास? जुनं चीज आणि सुकट एकाच डब्यात आठवडाभर बंद ठेवली तर साधारण तसा. मला पहिल्या घासाला नको झालं, तिसऱ्याला कळायला लागलं. सुक्या बोंबलाच्या वासाने तुम्ही खिडक्या लावून घेत असाल, तर हा नाद सोडा आणि ते पैसे बोटीच्या सफरीला लावा.

'कोक्स' या तिथल्या रेस्टॉरंटचं नाव तुम्ही घेतलंय म्हणून थोडं त्याबद्दल. लाइफ सोरेनसन हे तिथले पहिले मुख्य शेफ, स्थानिक, मोसमी जिन्नसांवर भर देणाऱ्या 2004 च्या न्यू नॉर्डिक जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या बारा जणांपैकी एक. पुढे पॉल आंद्रियास झिस्का आले. 2017 साली पहिला मिशलिन तारा, 2019 मध्ये दुसरा. मधल्या काळात ते लेइनावात्न तळ्याकाठच्या जुन्या शेतघरात होतं. पाहुण्यांना आधी तळ्याजवळच्या खोपटात थोडं खायला द्यायचे, मग खडकाळ वाटेने जीपमधून वर न्यायचे. 2022 आणि 2023 च्या उन्हाळ्यात तर आख्खं बिऱ्हाड ग्रीनलंडमधल्या इलिमानाक या चिमुकल्या वस्तीत होतं. म्हणून बुकिंगचा विचार करण्याआधी ते सध्या चालू आहे का आणि कुठे, हे बघा. जुन्या लेखांवर जाऊ नका.

आता वहिनी. हे स्पष्टच सांगतो, कारण इथे गोड बोलून त्यांची संध्याकाळ वाया जाईल. तिथे जमिनीतून येतं ते बटाटा, सलगम, रुबार्बचे आंबट देठ, अँजेलिका ही सुवासिक वनस्पती आणि काही रानपाला. बाकी सगळं मेंढी आणि समुद्र. काटेरी सी-अर्चिन, मोठ्या कोळंबीसारखं लँगुस्टिन, फुल्मर नावाचा समुद्रपक्षी, आणि शंभर वर्षांहून जास्त जगू शकणारा काळपट शिंपला. काही ठिकाणी पायलट व्हेलसुद्धा पानात येतो. नको असेल तर आधीच कळवा. शाकाहारी मेन्यू बऱ्याच ठिकाणी देतच नाहीत, आणि यात त्यांचा उद्धटपणा नाही, जागाच तशी आहे. ईमेल करताना नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. मांस, मासे, शिंपले, मांसाचा रस्सा, अंडं, यातलं काय चालतं आणि काय नाही हे एकेक लिहा आणि लेखी होकार आल्याशिवाय पैसे भरू नका. होकार आला नाही तर तुम्ही एकट्याने जा. समोर बसून माणूस तीन तास पाव-लोणी खातोय हे दोघांनाही जड जातं.

माझी स्वतःची चूक सांगतो. पोचलो त्याच रात्रीचं टेबल घेतलं होतं. वागार बेटावरचा तिथला विमानतळ धुक्यासाठी कुप्रसिद्ध. आमचं विमान कोपनहेगनहून निघालंच दुसऱ्या दिवशी. टेबल गेलं, पैसेही गेले, आणि नियमांत ते लिहिलेलं होतं त्यामुळे भांडायलाही जागा नाही. दोन दिवसांनी एक टेबल रिकामं झालं तेव्हा पुन्हा पूर्ण पैसे भरून जेवलो. तेव्हा पहिला आणि शेवटचा दिवस सोडा, मधला घ्या.

किरकोळ गोष्टी: चलन फेरो क्रोना, डॅनिश क्रोनच्या बरोबरीचं. टिपेची सक्ती नाही. दारू घेणार असाल तर गाडी हॉटेलवर ठेवा. न घेणाऱ्यांना दारूऐवजी कोर्सना जुळणारे रस मिळतात का विचारा. आणि व्हिसा! फेरो बेटं शेंगेनमध्ये नाहीत. व्हिसा डेन्मार्कचाच लागतो, पण त्यावर फेरो बेटांसाठी वैध असल्याची नोंद हवी. अर्जातच मागा.

अजून एक पर्याय, जो मला खरं तर जास्त आवडला. स्थानिक लोक पैसे घेऊन स्वतःच्या घरी जेवू घालतात, त्याला तिथे 'हाइमाब्लुइनी' म्हणतात. आम्ही गेलो त्या घरातल्या आजीबाई मी रॅस्टचा तुकडा तोंडात टाकेपर्यंत टक लावून बघत होत्या. माझं तोंड वाकडं झालं तशा खळखळून हसल्या आणि रुबार्बचा जॅम पुढे सरकवला. बायकोसाठी बटाटे, सलगम आणि ताजा पाव त्यांनी वेगळ्या भांड्यात ठेवला होता, आठवडाभर आधी केलेल्या एका ईमेलवर.