रंगपेटी बाजूला ठेवून: वाचकांचे प्रश्न आणि आमची बडबड

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की रंगांच्या ट्यूबा, ब्रश वगैरे सोडून भलत्याच गोष्टींतून चित्रं करताना कुठे अडतं ते कळवा. कळवलंत, आणि भरपूर कळवलंत! सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : जास्वंदीच्या पाकळ्या, बीट आणि हळद यांच्या रसांनी एक मोठं चित्र केलं होतं, खिडकीशेजारी लावलं. महिन्याभरात बीटाचा भाग मळकट तपकिरी झाला आणि हळदीचा पिवळा तर जवळपास गेलाच. काही मिसळायला हवं होतं का? तुरटी, मीठ, व्हिनेगर, सगळं सुचवतात लोक.

तुमचं काही चुकलेलं नाही, हे रस असेच आहेत. बीटाचा लाल, जास्वंदीचा जांभळट लाल, हळदीचा पिवळा हे तिन्ही पाण्यात नाहीतर अल्कोहोलमध्ये उतरणारे वनस्पतींचे रंग, आणि त्यांच्या रेणूंना उजेड अजिबात सोसत नाही. तुरटीने कापडावर रंग धरायला मदत होते हे खरं, पण कागदावर फुलाचा रस उन्हापासून वाचवायला ती फारशी उपयोगी नाही. मीठ तर विसराच. आणि व्हिनेगरने रंग टिकत नाही, बदलतो. जास्वंद किंवा लाल कोबीच्या रसात आंबट काही टाकलं की तो लालभडक होतो, खाण्याचा सोडा टाकला की निळा-हिरवा, हळदीला सोडा लागला की ती लाल. म्हणजे एका वाटीतून चार शेड्स फुकट मिळतात, पण टिकण्याची गॅरंटी चारांपैकी एकाचीही नाही.

टिकणारं हवं असेल तर मातीकडे आणि कोळशाकडे वळा. गेरू आणि पिवळी माती यांचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडमुळे असतो आणि त्याला ऊन काही करू शकत नाही. फ्रान्समधल्या लास्को गुहेतली चित्रं साधारण 17,000 वर्षांची, इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या गुहेत हाताचा पंजा टेकवून भोवती रंग फुंकून केलेला ठसा जवळपास 40,000 वर्षं जुना, आणि ते सगळं अशाच माती-खनिजांच्या जोरावर. माती घरी करायची तर वाळवा, कुटा, बारीक चाळणीतून काढा, मग पाण्यात ढवळून थोडं थांबा, जड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि ते निवळू द्या. तळाशी जो गाळ बसेल तोच तुमचा रंग. त्यात बाभळीच्या जातीचा डिंक पाण्यात विरघळवून घातलात की तो कागदाला धरेल (वॉटरकलरमध्येही हाच डिंक असतो), किंवा अंड्याचा पिवळा बलक, जो युरोपात तैलरंग येण्याआधी शेकडो वर्षं वापरात होता.

काळ्यासाठी एक मस्त उद्योग सांगते. लोखंडी खिळे किंवा भांडी घासायची स्टीलची जाळी (स्टेनलेस नको, साधी गंजणारी) व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवा, झाकण सैल ठेवा कारण आत गॅस तयार होतो. मग कडक चहाने कागदावर चित्र काढा, वाळू द्या, आणि त्यावर हे लोखंडी पाणी अगदी पातळ करून फिरवा. तपकिरी रेघ बघता बघता राखाडी-काळी होते. चहातलं टॅनिन आणि लोखंड यांचं जमतं, बाकी काही नाही, आणि युरोपात शतकानुशतकं ओक झाडाच्या गाठींपासून जी लिहायची शाई करत त्यामागेही हेच. फक्त ही शाई आम्लधर्मी असते, लोखंड जास्त झालं तर वर्षांनी कागद खाते, तेव्हा हात आखडता ठेवा.

आता शेवटचं, आणि मला हेच जास्त आवडतं. रंग उडतो ना, मग त्या उडण्याचंच चित्र करा की! 1842 मध्ये इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी हेच केलं, फुलांचा रस कागदाला फासून त्यावर उन्हाने चित्र उमटवलं. त्यांच्याच काळातल्या शास्त्रज्ञ मेरी सॉमरव्हिल यांनीही वनस्पतींच्या रसांवर असे प्रयोग केले. पाकळ्या खलून गाळा, कागदावर दोनतीन हात द्या, अंधारात वाळवा, वर एखादं नक्षीदार पान ठेवून काचेखाली दाबा आणि उन्हात सोडून द्या. फुलाप्रमाणे काही तास ते काही आठवडे लागतात, घाई असेल तर हा नाद नको. पान उचललं की त्याखालचा रंग शाबूत आणि बाकीचा फिका. हे चित्रही पक्कं करता येत नाही, वहीत बंद ठेवायचं आणि पाहुणे आले की काढून दाखवायचं.

प्रश्न : डाळी, तांदूळ, मोहरी यांचं पोर्ट्रेट केलं. लांबून छान दिसतं पण (1) पुठ्ठा वाकला (2) दाणे गळतात (3) आता त्यातून किडे निघतायत. घरचे म्हणतात फेकून दे.

घरच्यांचं किड्यांबद्दल बरोबर आहे, ते चित्रातच थांबणार नाहीत, स्वयंपाकघर गाठतील. फेकायच्या आधी मात्र एक उपाय करून बघा. चित्र फ्रीजरमध्ये मावत असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि आठवडाभर ठेवा. कीड लागलेल्या वस्तू संग्रहालयांतही अशाच गोठवतात, उणे 20 अंशांच्या आसपास. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर सगळं दव चित्रावर जमतं आणि किडे जाऊन बुरशी येते. पुढच्या वेळी दाणेच आधी गोठवून मग चिकटवा.

वाकण्याचं कारण फेविकॉलमधलं पाणी. पुठ्ठा एका बाजूने ओला होतो, ती बाजू फुगते, वाळताना आखडते. पुठ्ठ्याऐवजी प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) घ्या, तेही पातळ असेल तर मागच्या बाजूलाही फेविकॉलचा एक हात द्या म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसते. आणि गळतायत कारण तुम्ही बहुतेक पाणी घालून पातळ केलेला गोंद वापरलात. दाण्यांना दाटच हवा, आणि तोही तळहाताएवढ्या भागाला लावून तो भरून मग पुढे, सगळीकडे एकदम लावला तर तुम्ही पोचेपर्यंत साय धरलेली असते.

एक न विचारलेलं पण सांगते. पोर्ट्रेटमध्ये लोक रंगाकडे बघून दाणे निवडतात, गालाला मसूर, केसाला काळे उडीद, आणि मग चेहरा सपाट दिसतो. सगळ्या दाण्यांचा मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. कुठला गडद कुठला फिका तिथे लगेच कळतं, मसूर आणि मूग रंगाने कितीही वेगळे असले तरी तिथे जवळजवळ सारखेच दिसू शकतात! चेहरा उजेड-सावलीने उभा राहतो, रंगाने नाही.

प्रश्न : मी जुन्या तिकिटांचे कपटे, झाकणं, दोरे यातून चित्रं करते. स्पर्धेत परीक्षकांनी सांगितलं की हे चित्र नाही, हस्तकला आहे, वेगळ्या गटात द्या. ताई, तुम्हाला काय वाटतं?

गट कुठला द्यायचा हे स्पर्धेवाल्यांचं ते बघतील. पण "चित्र नाही" हे कुणी 2-4 वर्षांपूर्वी म्हणालं असतं तरी शंभर वर्षं उशीर झालाच असता. पिकासोने 1912 मध्ये वेताच्या विणीचं डिझाइन छापलेलं ऑइलक्लॉथ सरळ कॅनव्हासला चिकटवलं आणि भोवती चौकटीऐवजी दोरखंड गुंडाळला. जर्मनीत कुर्ट श्विटर्स तर ट्रामची तिकिटं, वेष्टनं, रस्त्यावरचे कागद यांवरच जगले म्हणा ना, तुमचंच खानदान. त्याच्याही आधी, 1772 मध्ये, इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी या बाईंनी सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली. डोळे साथ देईनात तोवर सुमारे दहा वर्षांत हजाराच्या जवळ चित्रं झाली, काहींत तर झाडाचं खरं पानही चिकटवलेलं. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि घानात जन्मलेले एल अनात्सुई बाटल्यांची चपटी केलेली झाकणं तांब्याच्या तारेने जोडून भिंतभर पडदे करतात, ते जगभरच्या म्युझियममध्ये लागतात.

पण थांबा, परीक्षकांची थोडी बाजूही घेते. या प्रकारात एक खोट फार दिसते. "बघा, हे बटणांचं केलंय!" एवढं कळलं की बघणाऱ्याचं काम संपतं. तोच प्रसिद्ध चेहरा, तोच सूर्यास्त, फक्त रंगाच्या जागी बटणं. माझी कसोटी अशी की हेच चित्र साध्या रंगात केलं असतं तर काय गेलं असतं? काहीच नाही असं उत्तर आलं तर वस्तू नुसती सजावट आहे. ब्राझीलच्या विक मुनिझ यांनी 1996 मध्ये कॅरिबियन बेटावरच्या ऊसमळ्यात राबणाऱ्या कामगारांच्या मुलांचे चेहरे काळ्या कागदावर साखर भुरभुरून काढले आणि त्यांचे फोटो घेतले. तिथे साखर काढून रंग घातला तर चित्रच मरतं. तुमच्याकडे तिकिटं आहेत, कुणाच्या तरी प्रवासाची. त्यांचा नुसता मोर नका करू एवढंच.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्याकडे भारी रंग नाहीत. झाडाखाली मिळेल त्यातून काय करता येईल?

भारी रंगांचं काही अडलेलं नाही तुझं. पातळ कागद घे, झाडाच्या सालीवर, लाकडी फळीवर, जाळीवर, पानाच्या मागच्या बाजूवर (शिरा तिकडे उठून असतात) ठेव आणि पेन्सिल आडवी धरून हलकं घासत जा. माक्स एर्न्स्ट नावाच्या चित्रकाराला 1925 मध्ये जुन्या लाकडी जमिनीच्या रेषा बघून हेच सुचलं, आणि त्या घासलेल्या डागांत त्याला जंगलं, पक्षी, विचित्र प्राणी दिसायला लागले. तूही तसंच कर, आधी काय काढायचं ठरवू नकोस, आधी घास, मग त्यात काय दिसतंय ते शोध आणि तेवढं गडद कर.

कोळसाही घरी होतो, पण मोठं माणूस सोबत हवंच. बोटाएवढ्या जाडीच्या वाळक्या काड्या सोलून पत्र्याच्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला एक बारीक भोक, डबा बाहेर मोकळ्यात विस्तवात. भोकातून धूर येतो तोवर काम चालू आहे, धूर थांबला की काढायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. लवकर उघडलास तर हवा लागून आतल्या काड्या पेट घेतात आणि हातात राख येते. आणि हो, कण्हेरीच्या काड्या घेऊ नकोस, ते झाड विषारी आहे, त्याचा धूरही नको.

प्रश्न : अंड्याच्या कवचाचं मोझॅक करताना तुकडे उडतात, मध्ये फटी राहतात.

फटी राहू द्या, त्यांच्यातच मजा आहे, फक्त खालचा बोर्ड आधी काळा किंवा गडद रंगवा. कवच धुतल्या धुतल्या आतला पापुद्रा सोलून टाका, तो राहिला तर गोंद धरत नाही. तुकडे आधी बारीक करू नका. मोठा तुकडा गोंदावर ठेवून बोटाने दाबा, तो जागेवरच तडकतो, मग सुईने सरकवा. व्हिएतनामी लाखकामात पांढऱ्या रंगासाठी अंड्याचं कवचच वापरतात. तपकिरी अंडं असेल तर रंग फक्त वरच्या थरात असतो, तुकडा उलटा लावला की फिकी शेड मिळते.

प्रश्न : मेलेल्या फुलपाखरांचे पंख आणि पिसं जमवली आहेत, वापरू का?

फ्रेंच चित्रकार ज्यां द्युबुफे यांनी 1950 च्या दशकात फुलपाखरांच्या पंखांची कोलाज केलेली आहेत, म्हणजे कल्पना नवी नाही. पण जंगली पक्ष्यांची पिसं नुसती जवळ ठेवणंसुद्धा बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे, अमेरिकेत तर 1918 पासून, पडलेलं पीस असलं तरी. तुम्ही राहता तिथला नियम आधी बघा. पंखांवरची भुकटी म्हणजे बारीक खवले, रंग त्यांच्यातच असतो, म्हणून बोटाने धरू नका, चिमटा घ्या. आणि त्यासाठी म्हणून कुणी फुलपाखरू मारणार असेल तर मला लिहू नका.

प्रश्न : वाळूचं चित्र पूर्ण झालं, आता फ्रेम करायची तर काच वाळूला टेकते. काच न लावता चालेल?

चालेल, पण धूळ बसणार आणि वाळूवरची धूळ पुसता येत नाही. खोल पेटीसारखी फ्रेम करायला सांगा, काच आणि चित्र यांच्यामध्ये कडेने लाकडाची किंवा पुठ्ठ्याची पट्टी, निदान सेंटिमीटरभर जागा सुटेल अशी. त्याआधी चित्र उलटं धरून मागून टिचक्या मारा, जे सैल आहे ते आत्ताच पडू दे, नाहीतर फ्रेमच्या तळाशी ढीग जमेल. समुद्राची वाळू असेल आणि धुतलेली नसेल तर मात्र फ्रेमची घाई नको, तिच्यातलं मीठ दमट हवेत पाणी ओढतं आणि काचेला आतून ओल धरते. चिकटवलेली वाळू आता धुता येणार नाही, तेव्हा हे चित्र कोरड्या खोलीत बिनकाचेचंच लावा.