गायनॅक सोनोग्राफीत हात बसायला किती स्कॅन लागतात?

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईत गायनॅकच्या रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष चालू आहे, टीव्हीएसला (योनीमार्गातून करायच्या सोनोग्राफीला) युट्रस दिसतो पण ओव्हरी काही केल्या सापडत नाही, तर किती स्कॅन झाले की हात बसतो आणि सिम्युलेटरचा कोर्स करावा का. मी ठाण्यात प्रॅक्टिस करते, शिकणारी मुलं माझ्याकडे मशीनवर बसतात, त्यामुळे जे बघितलंय ते सांगते.

नुसत्या आकड्याच्या मागे लागू नका. एमबीबीएस डॉक्टरांच्या सहा महिन्यांच्या सोनोग्राफी ट्रेनिंगला पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या २०१४ च्या नियमांत ३०० तास ठरवलेत, पण तिथेही शेवटी परीक्षा ठेवलीच आहे, कारण तास भरले म्हणजे येतं असं नाही. खरा फरक पडतो तो आपण जे बघितलं ते बरोबर होतं का हे नंतर कळण्याने. म्हणून सिनियर प्रोब हातात घेण्याआधी स्वतःचं मत वहीत लिहायचं, आणि एकच लिहायचं, ओव्हरीतली गाठ चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसची) की हेमरेजिक (रक्त साठलेली) की डर्मॉइड (केस-चरबी असलेली), "असू शकते" वगैरे नाही. मग सिनियरचं मत बघा, पेशंट ओटीला गेली तर ओटीत उभं राहा, आणि हिस्टोपॅथ (काढलेल्या गाठीचा लॅब रिपोर्ट) हातात येईपर्यंत त्या केसचा पिच्छा सोडू नका. हेमरेजिक लिहिली असेल तर ६ ते ८ आठवड्यांनी परत बोलावून ती विरघळली का ते बघा. तुम्ही गायनॅकवाले आहात, पोट उघडल्यावर आत काय निघालं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळतं, ही संधी वाया घालवू नका.

आता ओव्हरी. युट्रस आडवा घ्या, फंडसच्या (युट्रसच्या वरच्या भागाच्या) कोपऱ्यावरून हळूहळू बाजूला सरका, इलियाक व्हेसल्स (ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या) दिसल्या की थांबा, बहुतेक वेळा ती त्यांच्या पुढ्यातच बसलेली असते. आतडं आपोआप वळवळतं, ओव्हरी तशी वळवळत नाही, म्हणून घाई न करता थोडं थांबून बघायचं. तरी नाही सापडली तर दुसऱ्या हाताने पोटावरून हलकं दाबा, आतडं बाजूला होतं आणि ओव्हरी खाली येते. मेनोपॉजनंतर फॉलिकल (ओव्हरी ओळखू येते ते बीजांचे छोटे फुगे) नसतात त्यामुळे कठीणच जातं, तेव्हा दिसली नाही तर दिसली नाही असंच लिहा, अंदाजाने "नॉर्मल" लिहू नका. आणि ओव्हरी असो की युट्रस, प्रत्येक वेळी या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण फिरवायचं, एक छान फोटो मिळाला म्हणून फ्रीज करून मोकळं व्हायचं नाही.

एंडोमेट्रियम (युट्रसचं आतलं अस्तर) मोजताना युट्रसचा लांबीतला बरोबर मधला कट हवा, सगळ्यात जाड जागी दोन्ही थर मिळून मोजायचे, आत पाणी असेल तर ते सोडून. मेनोपॉजनंतर ब्लीडिंग होणाऱ्या बाईमध्ये ४ मिमीच्या आसपास बायोप्सीचा निर्णय होतो, कट तिरका आला की आकडा वाढतो आणि तिला विनाकारण प्रोसिजर होते. सिस्टसाठी आयओटीए या ओव्हरीच्या गाठींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाचे २००८ चे सिंपल रूल्स पाठ करा, ५ चांगली (साध्या गाठीची) लक्षणं ५ वाईट (कॅन्सरची), दोन्ही सापडली किंवा एकही नाही तर जास्त अनुभवी माणसाकडे पाठवायचं, ओढूनताणून बसवायचं नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या वर्षापासूनच शिका, स्लायडिंग साइन. प्रोबने हलकं ढकललं की रेक्टम (गुदाशय) सर्व्हिक्सच्या (युट्रसच्या तोंडाच्या) मागून मोकळा सरकतो का बघायचं, सरकत नसेल तर मागे चिकटलेलं असण्याची शक्यता मोठी. असं चिकटणं एंडोमेट्रिओसिसमध्ये (युट्रसच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारात) होतं, त्याच्या कितीतरी मुली वर्षानुवर्षं पाळीत तळमळतात आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरचे त्यांनाच नाटकी ठरवतात, आणि बऱ्याचदा ते बघायला कोणी प्रोब तिकडे नेलेलाच नसतो. मला याचं फार वाईट वाटतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

पेशंटचं पण सांगते. दिव्याहून लोकलच्या गर्दीत ब्लॅडर धरून आलेल्या बाईला टीव्हीएस करायची असेल तर आधी बाथरूमला पाठवा, मी शिकतेय हे सांगून परवानगी घ्या, सिस्टरला आत उभं करा. शरीरसंबंध न आलेल्या मुलीला पोटावरूनच करायची. दुखतंय का विचारत राहा, प्रोब कुठे लागल्यावर दुखलं हेही फाइंडिंग असतं. बाकी पीसीपीएनडीटीचं माहीतच असेल, रजिस्टर केलेल्या सेंटरबाहेर कुठल्याही मशीनवर प्रॅक्टिस नाही आणि गर्भवती असेल तर फॉर्म एफ (त्या कायद्याखाली भरायचा सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म).

सिम्युलेटर सुरुवातीला उपयोगी आहे, त्यावर आधी हात फिरवून आलेले ट्रेनी पेशंटवर पहिले काही दिवस चांगलं करतात असं अभ्यासांतही दिसलंय, आणि बाईला त्रास कमी होतो हे महत्त्वाचं. पण पैसे भरण्याआधी फोन करून विचारा की एका मशीनवर किती जण असतात, प्रोब स्वतःच्या हातात किती वेळ मिळतो आणि चुकलं तर शेजारी बसून सांगणारं कोणी असतं का, हे नीट सांगत नसतील तर त्या कोर्सला नका जाऊ, त्यापेक्षा तुमच्या ओपीडीतल्या रजिस्ट्रारच्या शेजारी खुर्ची टाकून बसा.