लीड खोलीबाहेर असतो तेव्हा

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या गावातून घरबसल्या इंटर्नशिप करते. महिनाभरापूर्वी मला पाच जणांच्या टीमचं लीड केलं. दोघं पुण्यात, एक नागपुरात, एक इंदूरला. ग्रुपवर काही विचारलं की सगळे गप्प. मॅनेजर म्हणतात, कडक हो. माझ्या वऱ्हाडी बोलण्यामुळे तर असं होत नाही ना?

उत्तर : कडकपणा समोर बसलेल्या माणसांवर थोडाफार चालतो. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवात दहा वर्षांच्या मुलांच्या गटांवर प्रयोग केले, ते १९३९ मध्ये छापून आले. हुकूम सोडणारा म्होरक्या खोलीबाहेर गेला की मुलांचं काम ढेपाळायचं. विचारविनिमय करून चालणाऱ्या गटाचं मात्र सुरू राहायचं. आता बघ, तू तर कायमच खोलीबाहेर आहेस!

म्हणून सगळ्यांना मोकळं सोडायचं असंही नाही. त्याच प्रयोगात तिसरा गट वाऱ्यावर सोडलेला होता, त्याचं काम सगळ्यात कमी झालं. कामाची वाटणी कॉलवर सगळ्यांना विचारून कर, पण ठरलं की लगेच लिहून टाक. ‘टेस्टिंग कोणी बघता का?’ असं विचारशील तर प्रत्येकाला वाटणार, दुसरा बघेल. त्याऐवजी नाव घेऊन लिही : ‘लॉगिनचं टेस्टिंग तुझ्याकडे, गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत. अडलं तर बुधवारीच सांग.’

राहिलं ते गप्प बसणं. दूरदूर बसून काम करणाऱ्या टीमवर कॅथरीन क्रॅम्टन यांचा २००१ चा अभ्यास आहे. समोरच्याची अडचण दिसत नाही, मग आपण दोष त्याच्या स्वभावाला देतो, असं त्यात दिसलं. तुझ्याकडे लाइन गेली की नेटही जातं, हे इंदूरच्या पोराला कसं कळणार? लोडशेडिंगच्या वेळा ग्रुपवर टाक, त्यांच्याही अडचणी विचार. ‘पाहिलं, उद्या सांगतो’ एवढं तरी प्रत्येकानं लिहायचं, असा नियम सगळ्यांनी मिळून करा. खटका उडाला तर मात्र ग्रुपवर एक अक्षर लिहू नकोस, सरळ फोन लाव.

वऱ्हाडीचं म्हणशील तर ‘मी फाइल पाठवून राहिले’ म्हटल्यानं कोणाची डेडलाइन हुकत नाही. कॉलवर सावकाश बोल, मुद्दा आधी सांग, बास.

आणि हे वाटणीचे मेसेज जपून ठेव. नोकरीच्या मुलाखतीत ‘टीम कशी सांभाळली?’ असं विचारलं, की त्यातलंच एखादं उदाहरण तारखेसकट सांगता येईल.