खापर उचलायच्या आधी

पहिल्यांदाच उत्खननाच्या खड्ड्यात उतरतो आहेस, म्हणून सांगतो. खापर दिसलं की लगेच उपटू नकोस. कुठल्या थरात आहे, कशाशेजारी, आडवं की उभं, हे आधी वहीत आणि फोटोत येऊ दे. जागेवरून हललं की निम्मी माहिती गेलीच.

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचंच बघ, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 खोदकाम केलं. घरांच्या जमिनीखाली दफनं निघाली. लहान मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत, मोठी माणसं खड्ड्यात, घोट्याखाली पाय तोडलेली. पण पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात, चार पायांच्या रांजणात बसवलेला पुरुष मिळाला, पाय शाबूत! त्यावरून तो गावचा प्रमुख असावा असं मांडलं गेलं. मला पटतं, पण ते अनुमानच. पाय तोडले हे दिसतं; मेलेला पळून जाऊ नये म्हणून तोडले, हा तर्क. दोन्ही वहीत एकाच ओळीत लिहू नकोस.

आणि चाळणीचं काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नकोस. जळके जवाचे दाणे तिथेच हाती लागतात.