पोराशी घरात मराठीच बोला

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान नुकतंच झालंय, शब्द जेमतेम दोन-तीन. घरात सगळे मराठी, अंगणवाडीत कन्नड, आणि आता कुणीतरी सांगितलंय की दोन-दोन भाषांनी त्याचा गोंधळ होतोय, घरी फक्त इंग्रजी बोला. आम्ही बेळगावच्या शहापुरात राहतो, माझी मुलगी आता मोठी आहे. हाच सल्ला आम्हालाही मिळाला होता. आम्ही तो मानला नाही. तुम्हीही मानू नका.

जास्त भाषा कानावर पडल्या म्हणून ऑटिझम होत नाही आणि वाढतही नाही. दोन भाषांच्या घरांत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांचे अभ्यास झालेत. एकाच भाषेत वाढणाऱ्या ऑटिस्टिक मुलांपेक्षा ती बोलण्यात मागे पडलेली दिसली नाहीत. आणि खानापूर-बेळगाव-निपाणीकडचं कुठलं मूल एका भाषेत वाढतं?

तुमच्या घरात इंग्रजी बोलणार कोण, हाही विचार करा. ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढे हुकूम देता येतील. लाड करता येणार नाहीत, अंघोळ घालताना गाणं म्हणता येणार नाही. तुम्ही लिहिलंय की दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो. म्हणजे त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच गप्प होणार. सासूबाईंना मोकळेपणी बोलू द्या, ओव्या, गाणी, काय येईल ते.

फक्त बोलणं थोडं आणि सावकाश असू दे. तो ज्याकडे बघतोय त्याबद्दलच बोला. गाडीकडे बघत असेल तर ‘गाडी. लाल गाडी. गेली.’ मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा. आपण घाईने दुसरं वाक्य बोलतो आणि त्याची उत्तराची वेळ खाऊन टाकतो. हे थांबणंच सगळ्यात अवघड आहे, घरातल्या प्रत्येकाला पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

‘पाणी पाहिजे?’ असं विचारल्यावर तो तेच परत म्हणतो आणि तुम्हाला काळजी वाटते. तो बहुतेक वेळा पाणीच मागत असतो. त्याच्या बाजूने वाक्य म्हणून दाखवा, ‘पाणी दे’, आणि लगेच पाणी द्या. शब्द येत नसतील तेव्हा चित्रं वापरा. घरातलाच तांब्या, ताट, चप्पल, अंगणवाडी यांचे मोबाईलवर फोटो काढा, झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून घ्या आणि त्याच्या उंचीवर लावा. त्यातलाच एक संच अंगणवाडीच्या बाईंना द्या. त्या कन्नडमध्ये बोलल्या तरी फोटो तोच राहील. चित्रांमुळे मूल बोलायचं थांबतं ही भीती खोटी आहे. स्पीच थेरपिस्ट कन्नड असल्या तरी हरकत नाही. त्या जे करून घेतात ते बघून ठेवा आणि घरी मराठीत करा.

कान झाकून घेतो ते हट्टाने नाही. पत्र्यावरचा तुमच्याकडचा पाऊस, कुकरची शिट्टी, गणपतीतला डॉल्बी त्याला खरोखर सोसत नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामगार कानावर लावतात तसले इयरमफ मुलांच्या मापाचेही मिळतात. मिक्सर लावण्याआधी सांगा, दाखवा. तरीही तो रडून-ओरडून कोसळलाच तर समजावत बसू नका. माणसं कमी करा, आवाज कमी करा, जवळ बसा.

दहीभातच खातो, ठीक आहे, जबरदस्ती नको. ताटाच्या कडेला दुसरं काही चिमूटभर ठेवत जा. वजन आणि रक्त मात्र डॉक्टरांना तपासायला सांगा.

विहिरीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मला त्याचीच सर्वात जास्त काळजी वाटली. अशी बरीच मुलं न सांगता घराबाहेर निघून जातात, आणि पाण्याची ओढ बऱ्याच जणांना असते. हाक मारली तरी ओ देणार नाही. विहिरीवर लोखंडी जाळी याच आठवड्यात बसवून घ्या, मागच्या दाराला वर कडी लावा, आणि शेजारच्या चार घरांना सांगून ठेवा की हा एकटा दिसला तर हात धरून घरी आणा.

‘बरा करतो’ म्हणून स्टेम सेल किंवा महागडी इंजेक्शनं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

आता कागद. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. ते देशभर चालतं, उद्या कोल्हापूरला गेलात तरी. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ नावाची, ऑटिझम किती आहे ते मोजणारी चाचणी होते. ४० मुद्दे असतात, मुलाला बघून आणि आईवडिलांना विचारून गुण देतात, ७०च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. इथे भाषेचा घोळ होतो. कन्नडमधून सांगितलेलं मुलाने केलं नाही तर त्याला कळतच नाही असं लिहिलं जाऊ शकतं. म्हणून आधीच शांतपणे सांगा, ‘याला मराठी कळतं, सूचना मी मराठीत देते.’ कन्नड नीट येणारं घरातलं एक माणूस सोबत न्या. घरी आजीने सांगितल्यावर तो चप्पल आणून देतो त्याचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जा, आणि तो कोसळतो त्या वेळचाही. दोन्ही दाखवा.